वाळवंटी विंचवाचं घर: आधी बीळ, मग टाकी

तुमचं पत्र वाचलं. मुलाने तेराव्या वाढदिवसाला हट्टाने 'डेझर्ट हेअरी' विंचू मागून घेतला. दहा गॅलनची काचेची टाकी, तळाला दोन इंच लाल वाळू, त्यावर पोकळ ओंडक्याचा तुकडा, टाकीखाली हीट मॅट आणि बशीत ओला स्पंज असा थाट दुकानदाराने जमवून दिला. आता तीन आठवडे झाले तरी विंचू बीळ काढत नाही, खात नाही, रात्रभर काचेला धरून कडेकडेने फिरतो आणि कोपऱ्यात उभा राहून झाकण खरवडतो. शिवाय चिपळूणचे आजी-आजोबा व्हिडिओ कॉलवर विंचू पाहून हादरलेत. तुम्ही विचारलंय, काय चुकलं आणि हे जनावर घरात ठेवावं का?

ठेवावं. पण ही टाकी मोडा.

विंचवाला काही झालेलं नाही. तो जे करतोय ते त्याच्या जागी कुठलाही शहाणा प्राणी करेल: बाहेर पडायची वाट शोधतोय. त्याचं शास्त्रीय नाव हॅड्रुरस ॲरिझोनेन्सिस. उत्तर अमेरिकेतला हा सगळ्यात मोठा विंचू, पूर्ण वाढला की नांगीसकट १२ ते १४ सेंटीमीटर. ॲरिझोनातल्या तुमच्या चँडलरपासून गाडीने तासाभरात उघड्या रानात पोचाल, तिथे तो राहतो. सोनोरन आणि मोहावी ही त्याची दोन वाळवंटं. आता उन्हाळ्यात तिथल्या जमिनीवर दुपारी पाय ठेवून बघा, म्हणजे नकोच बघू. मातीचा पृष्ठभाग साठ अंश सेल्सिअसच्या वर जातो. इतक्या आगीत हा प्राणी जगतो कसा, तर तो त्या आगीत राहतच नाही. क्रिओसोटच्या झुडपाच्या मुळाशी तो तिरकं बीळ काढतो, कधी दीड-दोन मीटर खोल, आणि दिवसभर तिथे बसतो. खाली माती थंड असते आणि किंचित दमटही. रात्री वर येतो, बिळाच्या तोंडाशी दबा धरतो, पहाटे परत खाली. म्हणजे आपण ज्याला वाळवंटी प्राणी म्हणतो त्याचं बरंचसं आयुष्य थंड तळघरात जातं.

दुकानातली टाकी मात्र वरच्या वाळवंटाची असते, त्या तळघराची नव्हे. दिसायला सुंदर, राहायला तवा.

हे मी शहाणपणाने सांगत नाही. ॲरिझोनातच, टूसॉनला, आल्यावर मी पाळलेला पहिला विंचू मी स्वतः भाजून मारला. तुमच्यासारखीच मॅट खाली होती. आमच्या लहानपणी कोंबडीची पिल्लं आली की खोक्यावर बल्ब लावायचे, तेवढंच माझं ज्ञान, म्हणून ऊब दिली की झालं असं वाटलं. बीळ काढणाऱ्या जनावराला उकडलं की ते काय करतं? खाली जातं. लाखो वर्षं खाली गारवाच मिळालेला आहे. माझा विंचू खाली खाली खणत गेला आणि मॅटला चिकटलेल्या काचेवर जाऊन बसला. वरचा थर्मामीटर २९ अंश दाखवत होता, म्हणून मी निश्चिंत. तुमचा बीळ काढत नाही याचं एक कारण हेच असावं: दोन इंच खणलं की गरम काच लागते. त्याने पाय ताठ करून पोट जमिनीपासून वर उचललेलं मुलाला कधी दिसलंय का, विचारा. तसं असेल तर जमीन तापली आहे.

तर आज रात्रीच मॅटची पिन काढा. बाकी सगळं शनिवार-रविवारी.

टाकीपासून सुरुवात करू. तुमची दहा गॅलनची टाकी ५० बाय २५ सेंटीमीटर आणि ३० उंच आहे. तिच्यात भागेल, पण जेमतेम. का, ते मोजून बघा. माती किमान १५ सेंटीमीटर हवी, वीस झाली तर उत्तम. पंधरा-सोळा भरली की वर चौदा उरतात, आणि विंचू कोपऱ्यात उभा राहिला तर बारा-चौदा सेंटीमीटर सहज पोचतो. म्हणून शक्य असेल तर वीस गॅलनची 'हाय' टाकी घ्या, ६० बाय ३० आणि ४० उंच. विंचवाला फिरायला जागा हवी म्हणून नाही, तो फार फिरत नाही. खोली हवी म्हणून. समोरून दार उघडणाऱ्या देखण्या टाक्या मिळतात, त्यांच्या मोहात पडू नका. दाराखालची पट्टी इतकी आखूड असते की खोल माती भरताच येत नाही. दार उघडलं की अर्धं वाळवंट गालिच्यावर.

आता माती. सगळा खेळ हिच्यावर आहे, म्हणून थोडं सविस्तर.

नुसती कोरडी वाळू कधीच नको. समुद्रकिनाऱ्यावर कोरड्या वाळूत खड्डा करून बघा, बाजू ढासळत राहतात. विंचवाने काढलेलं बीळ त्याच्याच अंगावर कोसळलं की दोन-तीन प्रयत्नांनंतर तो नाद सोडतो. तुम्हाला वाटतं, हा आळशी आहे. आणि ती रंगीत 'कॅल्शियम सँड' असेल तर ओली झाली की तिचे गठ्ठे होतात. ती सरळ फेका. सोनोरनची खरी जमीन म्हणजे वाळू, बारीक खडी आणि चिकणमातीचं घट्ट मिश्रण, ठिकठिकाणी चुनखडीचा टणक थर. इथे त्याला कॅलिची म्हणतात. अंगणात झाड लावायला गेला असाल तर कुदळीने त्याची ओळख करून दिलीच असेल. आपल्याला त्या जमिनीची नक्कल करायची आहे.

माझं माप असं: सात भाग मुलांच्या खेळण्याची धुतलेली प्ले सँड, तीन भाग चिकणमाती. चिकणमाती म्हणून सरपटणाऱ्या प्राण्यांच्या दुकानात 'एक्सकॅव्हेटर क्ले' मिळते, ती वापरा. कुंड्यांच्या तयार मातीत खत आणि नाही नाही ते असतं, ती टाळा. देवदाराचा भुसाही नको, त्यातलं तेल या जिवांना बाधतं. दहा गॅलनच्या टाकीला साधारण वीस लिटर मिश्रण लागतं. म्हणजे पन्नास पौंडी वाळूची एक गोणी आणि मातीच्या दहा पौंडी दोन पिशव्या. वजन तीस किलोच्या पुढे जातं, मोठ्या टाकीचं पन्नासच्या आसपास. म्हणून आधी टाकी जागेवर ठेवा, भक्कम टेबलावर, मग भरा. भरलेली टाकी उचलायला जाऊ नका. मुलाच्या खोलीतलं ते हलकं पुस्तकांचं शेल्फ असेल तर त्याचा विचारही नको.

मिश्रणात पाणी घालताना भाकरीच्या पिठाची आठवण ठेवा. मुठीत दाबलं की गोळा झाला पाहिजे, पण पिळल्यावर पाणी गळता कामा नये. तीन-चार सेंटीमीटरचा थर घाला, मुठीने किंवा विटेने चोपा, मग पुढचा थर. आपल्याकडे शेणाने सारवायची जमीन चोपणीने बसवायचे, अगदी तसं. माती सपाट भरू नका. एका टोकाला जास्त, दुसऱ्या टोकाला कमी असा उतार द्या.

भरता भरता दोन गोष्टी करायच्या, नंतर जमत नाहीत. एक, जास्त मातीच्या बाजूच्या मागच्या कोपऱ्यात पेनाएवढ्या जाडीची प्लॅस्टिकची नळी तळापर्यंत उभी ठेवा आणि तिच्या बुडाशी मूठभर खडे टाका. हिचं काम पुढे सांगतो. दुसरी, बिळाची सुरुवात. पुठ्ठ्याची नळी थोडी चपटी करा, कारण विंचवाच्या बिळाचं तोंड गोल नसतं, आडवं लंबगोल असतं, त्याच्या अंगाच्या आकाराचं. ती समोरच्या काचेला चिकटवून तिरकी ठेवा, वरून खाली जाणारी, आणि भोवती माती चोपा. खालच्या टोकाला मुठीएवढी पोकळी कोरा, विंचू आत वळू शकेल इतकी. माती अर्धवट सुकली की नळी हलकेच फिरवून काढा. काचेला लागून बीळ असल्याचा फायदा हा की बाहेरून काळा कागद लावायचा, आणि मुलाला बघायचं असेल तेव्हा तो उचलून मंद लाल टॉर्चने डोकवायचं. पुढे विंचू हे बीळ आपल्या मनासारखं बदलतो, कधी भलतीकडेच नवं काढतो. काढू द्या.

मग सुकवा. चँडलरच्या हवेत, वर पंखा लावून, आठ-दहा दिवसांत वरचे थर विटेसारखे होतात. घाई करू नका. ओल्या मातीत सोडलेल्या या विंचवाच्या सांध्यांवर काळे डाग पडतात, ती बुरशी असते, आणि एकदा धरली की फारसं काही करता येत नाही. तोवर त्याला भोकं पाडलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवा: तळाला कागदी टॉवेल, लपायला अंड्याच्या ट्रेचा तुकडा, पाण्याला बाटलीचं झाकण.

दगड घालायचे असतील तर मोठा दगड टाकीच्या तळाच्या काचेवर टेकवून मग भोवती माती भरा. मातीवर नुसता ठेवलेला जड दगड विंचू खालून पोखरतो, आणि मग तो दगड काय करतो हे सांगायला नको. खोटी कॅक्टस वगैरे तुमच्या हौसेचा भाग आहे, विंचवाला त्याचं सोयरसुतक नाही.

उष्णतेचं सांगतो. तुमच्या घरात उन्हाळ्यात एसी ७८ फॅरनहाइटवर असेल, म्हणजे पंचवीस-सव्वीस सेल्सिअस. यात तो मजेत राहतो. एक टोक तीसच्या आसपास आणि दुसरं चोवीसला असेल तर तो स्वतःच निवड करतो. ऊब द्यायचीच तर वरून द्या, सूर्य देतो तशी: कमी मातीच्या बाजूला जाळीवर लहान सिरॅमिक हीटर, थर्मोस्टॅटला जोडलेला. थर्मोस्टॅटशिवाय कुठलंही गरम होणारं यंत्र नको, आणि 'हीट रॉक', म्हणजे विजेवर तापणारा खोटा दगड, तर मुळीच नको. रात्री तापमान वीसपर्यंत उतरलं तर चांगलंच, वाळवंटातही उतरतं. हिवाळ्यात तो मंदावेल, महिना-महिना खाणार नाही. घाबरून जाऊ नका. वेगळा दिवा लागत नाही; खोलीत उजाडतं-मावळतं तेवढं पुरे, फक्त टाकीवर थेट ऊन येता कामा नये. काचेची पेटी उन्हात काय होते हे पार्किंगमधल्या गाडीवरून तुम्हाला माहीत आहेच.

पाण्याबद्दल लोक दोन टोकांना जातात. कोणी रोज फवारतात, कोणी 'वाळवंटी आहे' म्हणून थेंब देत नाहीत. दोन्ही चूक. वर कोरडं, खाली दमट, हे सूत्र. ती नळी आठवते? महिन्यातून एकदा तिच्यातून पन्नास-साठ मिलिलिटर पाणी सोडा. तळाची माती ओलसर राहील, वरची खडखडीत. सोनोरनमध्येही असंच आहे: जून-मध्यापासून सप्टेंबरपर्यंत मॉन्सूनच्या सरी येतात, वरची जमीन दुसऱ्या दिवशी कोरडी होते, पण ओल खोलवर टिकते. शिवाय बाटलीच्या झाकणाएवढं उथळ पाणी थंड बाजूला ठेवा. स्पंज फेकून द्या, तो जंतूंची पैदास करतो. काचेच्या आतून दंव धरलं तर पाणी जास्त झालंय किंवा हवा कोंडली आहे.

झाकण धातूच्या जाळीचं आणि दोन्ही बाजूंनी क्लिपा लावलेलं. हा विंचू गुळगुळीत काच चढू शकत नाही, पण टाकीच्या कोपऱ्यांत सिलिकॉनची शीर असते, तिला नखं अडकवून तो चढतो. तुमचा कोपऱ्यात उभा राहतो तो त्यामुळेच. ब्लेडने वरच्या भागातली ती शीर आतून खरवडून गुळगुळीत करून घ्या. टाकीत पाणी थोडंच भरायचंय?

खाणं सोपं आहे. दहा-पंधरा दिवसांनी एक मोठा रातकिडा किंवा पाळीव झुरळ, संध्याकाळ झाल्यावर. सकाळी उरलेला दिसला तर चिमट्याने काढा, कारण विंचू कात टाकत असताना तोच रातकिडा त्याला कुरतडतो. मीलवर्म (अळ्या) दिले तर डोकं चिरडून द्या, नाहीतर ते मातीत शिरून दिसेनासे होतात. अंगणातले किडे देऊ नका. आणि इथे ॲरिझोनातल्या घरांसाठी खास सूचना: तुमच्याकडे दर महिन्याला पेस्ट कंट्रोलवाला येत असणार. तो जे फवारतो ते विंचू मारण्यासाठीच असतं, आणि औषधाला पाळीव-रानटी कळत नाही. ती खोली फवारणीतून वगळा. फवारलेल्या फरशीवरून फिरलेला हात टाकीत घालायच्या आधी साबणाने धुवा. माझ्या ओळखीत असे दोन विंचू गेले, टाकी अगदी आदर्श असूनही.

कात टाकण्याविषयी एक कटू गोष्ट. ही जात पिल्लापासून मोठी करणं भल्याभल्यांना जमत नाही. कात टाकताना पिल्लं अडकतात आणि मरतात. बाजारात येणारे बहुतेक मोठे विंचू म्हणूनच रानातून पकडलेले असतात. तुमचा पूर्ण वाढलेला असेल तर तो प्रश्न संपला, पूर्ण वाढलेला विंचू पुन्हा कात टाकत नाही. अर्धवट वाढलेला असेल तर तो एक दिवस बिळाचं तोंड आतून बंद करून कित्येक आठवडे गडप होईल. खणून बघायचं नाही. मुलाला हे आधीच सांगून ठेवा, कारण हा मोह मोठ्यांनाही आवरत नाही.

रानातून आलेली मादी असेल तर आणखी एक शक्यता. ती पोटुशी असू शकते, आणि विंचवाचं गर्भारपण महिनोन्‌महिने चालतं. एखाद्या सकाळी तिच्या पाठीवर पांढुरक्या पिल्लांचा ढीग दिसेल. विंचू अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देतो, आणि पहिली कात टाकेपर्यंत ती आईच्या पाठीवरच असतात. 'विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर' म्हणतात ते डोळ्यांनी बघायला मिळेल. तेव्हा तिला अजिबात छेडू नका. घाबरलेली आई पिल्लं खाते. पिल्लं पाठीवरून उतरली की वेगळी करा. मोठे विंचूही एकत्र ठेवायचे नाहीत, दुसऱ्याला सोबत म्हणून आणाल आणि सकाळी एकच उरेल, थोडा जाडजूड.

आता आजी-आजोबा. त्यांच्या भीतीला हसू नका, मी महाडच्या बाजूचा आहे. आमच्याकडे लाल विंचू चावला की माणूस घामाने थबथबायचा, हातपाय गार पडायचे, फुप्फुसात पाणी व्हायचं आणि पोरं दगावायची. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध त्यावर वापरून ते मृत्यू कितीतरी खाली आणले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तेव्हा चिपळूणला फोन करून सांगा की नातवाकडे आहे तो त्या कुळातला नव्हे. याचा डंख साधारण मधमाशीसारखा, दुखतो आणि उतरतो. ॲलर्जी असणाऱ्याला मात्र मधमाशीही भारी पडते. म्हणून धाप लागली, ओठ-चेहरा सुजला तर थेट ९११.

एक ढोबळ खूण मुलाला शिकवा: चिमटे जाड आणि नांगी बारीक तर सहसा सौम्य, चिमटे काटकुळे आणि शेपूट मांसल तर दूर राहा. ही खूण शंभर टक्के नाही. तुमच्या घराच्या भिंतीवर चढणारा, पाच-सात सेंटीमीटरचा फिकट पिवळा बार्क स्कॉर्पियन काटकुळ्या चिमट्यांचा असला तरी त्याची शेपूटही बारीकच असते, आणि अमेरिकेतला खरा धोकादायक विंचू तो. तो चावला आणि मुंग्या येणं, झटके, डोळे गरागरा फिरणं असं काही दिसलं तर थांबू नका. त्यावरचं प्रतिविष अनास्कॉर्प २०११पासून इथे मान्य आहे. पॉयझन कंट्रोलचा क्रमांक १-८००-२२२-१२२२, फ्रिजवर लावून ठेवा. पाळलेल्या विंचवासाठी नव्हे, भिंतीवरच्यासाठी.

हातात घ्यायचा नाही, कोणी व्हिडिओत घेतलेला दाखवला तरी. त्याला माणसाळणं ठाऊक नाही, आणि हातातून पडला तर पोट फुटतं. हलवायचा असेल तेव्हा वर पारदर्शक डबा उपडा ठेवा आणि खालून पुठ्ठा सरकवा. टाकीत काम करायला फूटभर लांब चिमटा, टोकांना स्पंज बांधलेला. टाकीला कुलूप, किल्ली तुमच्याकडे. आणि येत्या सुट्टीत सागुआरो नॅशनल पार्कात गेलात तर तिथून 'दुसरा' आणायचा नाही, नॅशनल पार्कातून जीव उचलणं बेकायदा आहे.

मुलाला एक यूव्ही टॉर्च घेऊन द्या. विंचवाच्या कवचातल्या द्रव्यांमुळे तो त्या प्रकाशात हिरवानिळा चमकतो, नुकती कात टाकलेला मात्र चमकत नाही. दिवसाकाठी मिनिटभर पुरे, टाकीवर कायमचा दिवा लावू नका. तोच टॉर्च घेऊन रात्री अंगणाच्या भिंतीवरून एक फेरी मारा, बूट घालून. तुम्ही किती विंचवांच्या शेजारी राहताय ते कळेल.

नव्या टाकीत सोडल्यावर दोन आठवडे काही करू नका. खायला घालू नका, उचकू नका, मित्रांना दाखवायला टकटक करू नका. सुरुवातीला तो पुन्हा काचेकाचेने फिरेल. मग एखाद्या सकाळी बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचा लहानसा ढिगारा दिसेल, तुम्ही कोरलेल्या नळीच्या आकाराशी न जुळणारा. त्या संध्याकाळी एक रातकिडा टाका.